विजयाने न दिलेलं औषध

विजया गेल्याचं तिच्या बहिणीने, लक्ष्मीने, फोनवर सांगितलं. मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला आणि उरलेल्या पोळ्या लाटल्या. दीड महिना झाला, त्या ‘बरं’ची अजून लाज वाटते...

आम्ही शाळेपासूनच्या मैत्रिणी. ती सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकरांच्या घरातली. मी अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवत राहिले, ती संशोधनात गेली. तिचं काम पेप्टाइडवर, म्हणजे प्रथिनाच्या छोट्याशा तुकड्यावर. कॅन्सरच्या गाठीभोवतीचा भाग जरा आंबट असतो; हा तुकडा रक्तातून निवांत फिरतो आणि आंबट जागा लागली की पेशीच्या आवरणात घुसून बसतो. त्याला चमकणारा रंग जोडला की गाठ फोटोत दिसते, औषध जोडलं की ते नेमकं तिथे पोचतं. जेवायला आली की माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, ती हे ताकाची वाटी पुढे ओढून समजावायची. तो म्हणायचा, आमच्या हिच्यापेक्षा बरं शिकवतेस की.

मग श्रीकांतलाच स्वादुपिंडाची गाठ निघाली. केमोचा उपयोग होईना, डॉक्टरांनी हात टेकले, तशी मी विजयाच्या दारात जाऊन उभी राहिले. तुझ्या फ्रीजरमधलं औषध दे म्हणाले. ती म्हणाली, उंदरांच्या मूत्रपिंडांतही ते साठतंय, माणसाला अजून दिलेलं नाही, भाऊजींना मी देणार नाही.

“तुझं स्वतःचं कुणी असतं तर दिलं असतंस,” मी म्हणाले. श्रीकांत दोन महिन्यांत गेला आणि मी तिचं तोंड पाहणं सोडलं. तीन वर्षं. हट्ट माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही.

गेल्या वर्षी तिलाच गाठ झाल्याचं कळलं, तेव्हा गेले. हातापायाच्या काड्या झालेल्या. कशी आहेस विचारायचं सोडून मी मेलीने पहिलं काय विचारावं? घेतलंस का ते?

“नाही गं,” ती म्हणाली. “भाऊजींना नाही दिलं, मी कुठल्या तोंडाने घेऊ? उंदरांची मूत्रपिंडं अजून चमकतातच की...”

मी तिचे पाय चेपत बसले. माफ कर म्हणायचं होतं. चहा टाकू का, एवढंच निघालं.

परवा लक्ष्मीने तिची खोली उघडून दिली. नुसती गाठ चमकलेल्या सुंदर फोटोंनी कपाट भरलेलं. टेबलासमोर भिंतीवर मात्र तिने एकच लावला होता, गाठीपेक्षा मूत्रपिंडंच जास्त उजळलेल्या उंदराचा. रोज कामाला बसताना समोर तोच. मी तो मागून आणला आणि श्रीकांतच्या फोटोशेजारी लावला. येणारे विचारतात, हे काय लावलंय? विजयाने श्रीकांतला औषध का दिलं नाही ते, मी म्हणते.