वळणावर न वळलेलं हँडल

जेवण झाल्यावर वैजयंता मागच्या पडवीत, उघडून ठेवलेल्या मोटारसायकलशेजारीच पोत्यावर आडवी होते. डोळे मिटतात न मिटतात तोच रॉकेलचा वास दाट होतो आणि कुणीतरी पातेलीत धुवायला टाकलेले हँडलच्या बेअरिंगचे छर्रे बोटांनी ढवळू लागतं.

"एवढ्यात दमलीस?" तिचा भाऊ दिगंबर विचारतो.

दिगंबर वायरमन होता. सात महिन्यांपूर्वी ओढ्याजवळच्या वळणावर त्याची हीच गाडी वळली नाही, सरळ आंब्याच्या बुंध्यावर गेली. कोरडा रस्ता, लख्ख ऊन. पंचनामा करणाऱ्यानं लिहिलं, 'चालक नशेत असावा.' रक्त कुणी तपासलं नाही. उभ्या जन्मात ज्यानं थेंब तोंडाला लावला नाही, त्याला गावानं दारुडा करून टाकलं. आज सकाळी वैजयंतानं इंजिनाखाली ओंडका सरकवून पुढचं चाक अधांतरी केलं, हँडल फिरवलं, तर ते मधोमध येऊन खटकन अडकलं. तिनं वरचा नट सोडला. छर्रे ज्यांत फिरतात त्या पोलादी वाट्या ठोकून बाहेर काढल्या. आत नुसता गंज होता, आणि गंजाखाली छर्‍यांनी पाडलेले खड्डे.

"तू मेलास, आणि दमलीस का म्हणून मला विचारतोस?"

"रागावलीस, वैजे?"

"रागावू नको तर काय करू? आठ दिवस आधी गाडी गॅरेजला दिलीस. उघडून ग्रीस भरलंय म्हणाले, तू मान डोलावलीस. स्वतः हँडल फिरवून बघायला काय धाड भरली होती तुला?"

"बघितलं होतं गं. किंचित अडत होतं. नवीन आवळलंय, चार दिवसांत मोकळं होईल, असं मेकॅनिक म्हणाला. मी विश्वास ठेवला."

तो एक छर्रा सदऱ्याला पुसतो. वैजयंताच्या पायाखालची फरशी तापत जाते. बघते तर ते डांबर आहे. दिगंबर गाडीवर, मागे ती, आणि समोर ओढ्याचं वळण.

"धर!" म्हणत तो तिचं मनगट पकडतो आणि तिचा हात हँडलवर दाबतो. हँडल हलत नाही. तो सगळ्या अंगानिशी रेटतो, मानेच्या शिरा तट्ट फुगतात. "कळतंय का तुला? मी वळवतोय! मी वळवतोय की!"

आंब्याच्या जागी टेबल आहे. टेबलामागं एक माणूस मान खाली घालून पंचनामा लिहितोय.

"अहो, माझं तोंड तरी हुंगा!" दिगंबर ओरडतो.

माणूस पान उलटतो.

मग ओढ्याचा आवाज येतो, आणि दिगंबर हळू आवाजात विचारतो, "आई काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. तुझा विषय निघाला की उठून आत जाते."

"म्हणजे तिलाही तसंच वाटतं."

वैजयंता नजर वळवून ओढ्याकडे बघते. दिगंबरचा चेहरा पडतो; टेबलामागच्या माणसानं पान उलटलं तेव्हाही तो इतका पडला नव्हता.

"त्या वाट्यांना ग्रीस लावू नकोस," तो म्हणतो. "पुसूही नकोस. आहेत तशा तिच्या हातात दे."

वैजयंता डोळे उघडते. पडवीत अजून ऊन आहे. आई चहाचा कप घेऊन समोर उभी आहे आणि तिची नजर वैजयंताच्या डाव्या मनगटावर खिळली आहे. तिथं तांबूस गंजाची चार जाड बोटं उमटली आहेत, आतल्या बाजूला अंगठा.

"एवढा जोरात कुणी धरला गं हात?"

"दादानं."

आई कप खाली ठेवते. वैजयंता तिच्या तळहातावर एक वाटी ठेवते.

"आई, आत ग्रीसचा थेंब नाही. गॅरेजवाल्यांनी गाडी उघडलीच नव्हती. हँडल अडकलं. दादा वळवत होता."

आईचं बोट वाटीच्या आतून फिरतं. एका खड्ड्यात अडकतं, सुटतं, पुढच्यात पुन्हा अडकतं. ती तीनदा फेरा घेते. मग सात महिन्यांत पहिल्यांदा तिचा आवाज चढतो.

"माझ्या लेकाला दारुडा म्हणाले! आणि मी मुकाट्यानं ऐकून घेतलं!" ती पदर खोचते. "ऊठ. ज्यानं लिहिलं त्याच्या टेबलावर जाऊन ठेवू हे. आणि हात धुऊ नकोस."