हात वर करून विमान उतरत नाही

माझ्या मुलीने माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिला पुन्हा बोलतं करण्यासाठी मला विमान उडवायला शिकावं लागलं. खरं नव्हे, कॉम्प्युटरवरचं. पण भांडण खरं होतं.

मी सुरतेच्या बमरोलीत लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात कामगारांवरचा मास्तर आहे. पस्तीस वर्षं झाली. तिथे यंत्रांच्या खडखडाटात तोंडाने बोलणं म्हणजे वाफ दवडणं, म्हणून आमचं बहुतेक हातावर चालतं, अगदीच अडलं तर आरोळी. एक हात वर केला की ‘समजलं’. आडवा तळवा हवेत फिरवला की ‘बंद कर’. ही सवय आमच्यातले सगळेच घरी घेऊन येतात. मीही आणली.

मुलगी सायन्सला शेवटच्या वर्षाला. तिला खऱ्या विमानतळावर कंट्रोलर व्हायचंय. त्या परीक्षेच्या क्लाससाठी अहमदाबादला हॉस्टेलवर राहू का, असं तिने चहाच्या वेळी विचारलं. मी कप खालीही ठेवला नाही. तळवा आडवा फिरवला.

ती बघत राहिली. “पप्पा, मी लूम आहे का?”

त्यानंतर बोलणं बंद. नवागामच्या आमच्या दोन खोल्यांत अबोला धरायलाही जागा कमी, तरी तिने जमवलं. काही सांगायचं असलं तर आईला गुजरातीतून सांगायची, “मम्मी, एमने कहे, चा ठंडी थाय छे.” मी समोर बसलेला. निवणारा चहाही समोर. मी हात वर करायचो. समजलं.

बायको तिच्या अहिराणीत म्हणायची, “तोंड शे ना तुमले? मग बोला ना!”

नकाराचं कारण मला माहीत होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. दिवसभर तो गोंगाट ऐकून घरी येणाऱ्या माणसाला पोरीची बडबड गेलेलं घर सोसणार नाही, हे कुठल्या तोंडाने सांगणार? शिवाय ती गेली तर बडबड जाईल म्हणून अडवलं, आणि अडवलं म्हणून बडबड गेली. एवढी अक्कल चालवणारा मास्तर साऱ्या बमरोलीत दुसरा नसेल.

आतल्या खोलीत ती लॅपटॉपवर इंटरनेटवरच्या एका मंडळात कंट्रोलर व्हायची. जगभरचे हौशी लोक घरी बसून विमानं उडवतात आणि दुसरे हौशी लोक त्यांना रेडिओसारखं बोलून उतरवतात. ‘सुरत टॉवर’ म्हणून ती बसली की भिंतीपलीकडून तिचा आवाज यायचा. कुणा परक्या माणसाला ती काय गोड ‘गुड आफ्टरनून’ म्हणायची! आणि मला कळलं की नियमाने कंट्रोलरला प्रत्येक वैमानिकाला उत्तर द्यावंच लागतं. मग मी बाहेरच्या खोलीतल्या तिच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसलो.

बायकोने विचारलं, “आते काय करी राहिनात?”

“विमान शिकतोय.”

“आधी स्कूटर नीट चालवा.”

पहिले आठ दिवस मी रनवेवरून थेट गवतात जात होतो. नंतर वर गेलो, पण खाली यायचं जमेना. ते जमलं तेव्हा मंडळात नाव घातलं आणि मुंबईच्या कुणा कंट्रोलरशी जोडला गेलो. त्याने इंग्रजीत भराभर काहीतरी सांगितलं. निम्मं समजलं. मी सवयीने हात वर केला.

त्याने पुन्हा सांगितलं. मी हात आणखी वर केला.

“रीडबॅक, सर!” तो ओरडला. मी दोन्ही हात वर केले. पाचव्या मिनिटाला मला त्या दिवसापुरतं मंडळातून हाकललं. पोलिसांना शरण जाणाऱ्यासारखं मला कॉम्प्युटरपुढे बसलेलं बायकोने पाहिलं आणि ती कुकर लावायला गेली.

मग वाचून काढलं. कंट्रोलर सांगेल ते वैमानिकाने आपल्या तोंडाने परत म्हणून दाखवायचं, त्याला रीडबॅक म्हणतात. नुसतं समजून भागत नाही. समजलं हे समोरच्याला ऐकू यावं लागतं. पस्तीस वर्षांत मला हे कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तरी ऐकू आलं नसेल.

अबोल्याच्या बाविसाव्या दिवशी, सुट्टीच्या दुपारी, ती टॉवरवर बसली. मी हेडफोन चढवला.

“सुरत टॉवर, किलो लिमा.” किलो लिमा हे माझ्या विमानाचं नाव. आवाज लूमवर आरोळी मारायचा तोच निघाला.

भिंतीपलीकडे खुर्ची करकरली. तिने ओळखलं. मग आधी भिंतीतून आणि क्षणभराने कानात तिचा आवाज आला, “किलो लिमा, स्टँडबाय.”

थांबा. बावीस दिवसांनी लेक बापाशी बोलली ते एवढंच.

थांबलो. नंतर तिने उडू दिलं, पण उतरू देईना. “ऑर्बिट,” म्हणाली. गोल फिरा. आकाशात दुसरं चिटपाखरू नव्हतं. मी विमानतळाजवळच्या सचिन गावच्या कारखान्यांवर घिरट्या घालू लागलो. एक फेरी, दोन, चार. दर फेरीला ती काहीतरी सांगायची, मी चुकीचं परत म्हणायचो आणि ती थंडपणे म्हणायची, “निगेटिव्ह. से अगेन.” अशा थंडपणे मी कामगाराला कधी झापलं नाही. माझ्या आवाजाने भिंत हलत होती, तिचा आवाज मात्र सरळ रेषेत. मनात आलं, ही खरोखरची विमानंही उतरवील. राग आला, त्यात हेही आलं.

सहाव्या फेरीला म्हणाली, “रनवे टू टू, क्लिअर्ड टू लँड.”

मी शब्द न् शब्द परत म्हणालो. विमान दोनदा आपटलं, तिसऱ्यांदा टेकलं.

तिने आतल्या खोलीचं दार उघडलं. गळ्यात हेडफोन, चेहऱ्यावर बावीस दिवस.

“एक तारखेला मी अहमदाबादला जातेय. हॉस्टेलवर. क्लास संपेपर्यंत.”

माझा हात वर निघाला. तिने त्याच्याकडे पाहिलं. “तो खाली.”

हात खाली घेतला.

“एक तारखेला,” मी म्हणालो, “तू अहमदाबादला जातेयस. हॉस्टेलवर.”

“पुढे?”

“क्लास संपेपर्यंत.” मग रीडबॅकमध्ये नसलेलं एक वाक्य तोंडातून निघालं, “घर फार गप्प होईल.”

“बावीस दिवस गप्पच होतं की,” ती म्हणाली. “रीडबॅक करेक्ट.” आणि दार लावून घेतलं. आपटलंच म्हणायचं.

बायको स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून सगळं ऐकत होती. मी खुर्चीत बसून राहिलो. कॉम्प्युटरवर माझं विमान रनवेच्या मधोमध उभं होतं आणि मागून कुणी परदेशी गृहस्थ उतरायला आला होता, हे मला भिंतीतूनच कळलं.

“किलो लिमा, व्हेकेट द रनवे! नाऊ!”

हेडफोन टेबलावर पडला होता. मी भिंतीकडे तोंड करून, लूमवरच्या आवाजात, ते जसंच्या तसं परत म्हणालो.