गवंड्याला भूक लागली तेव्हा

ओल्या विटेच्या वासानं परवा बाबांची माझ्याकडची, आयर्लंडची फेरी आठवली. जन्मभर गवंडीकाम केलेले बाबा इंग्रजीच्या धाकानं इथं गप्पच असायचे, म्हणून त्यांना एका जमीनदाराचं विटांचं जुनं मॅनर हाउस दाखवायला नेलं. गाइडबाई मालकांच्या पिढ्या सांगत होत्या आणि बाबा भिंतीला नाक लावून उभे. “सगळीकडे एक वीट लांब, एक आखूड. इथंच दोन आखूड शेजारी आल्यात. गवंड्याला भूक लागली असणार.” मी लाजतच भाषांतर केलं, तर बाई त्या विटा चाचपून खळखळून हसल्या. परवा पाहुण्यांना घेऊन तिथं पुन्हा गेले, तर बाई तोच किस्सा सगळ्यांना सांगत होत्या. घरी येऊन बाबांना फोन केला. ते म्हणाले, “वरच्या थरात त्यानं सावरून घेतलंय, तेही सांगत जा म्हणावं त्यांना.”