शेरा बदलणार नाही

सर्जापूर रोडवरच्या छोट्या ऑफिसात मी स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट तपासते, म्हणजे ब्लॉकचेनवर पैसे आपोआप देणारे-घेणारे प्रोग्राम. त्या दिवशी एका कंपनीच्या प्रोग्राममध्ये मला भोक सापडलं. तो पैसे आधी पाठवायचा आणि शिल्लक नंतर कमी करायचा. मधल्या क्षणात समोरच्याने पुन्हा मागितलं, की पुन्हा द्यायचा. अहवालात मी शेरा मारला, ‘गंभीर’.

व्हिडिओ कॉलवर त्या कंपनीचा मालक म्हणाला, "तुमच्या आपोआप तपासणाऱ्या टूलला काही सापडलं नाही ना? मग ‘किरकोळ’ लिहा."

शेजारी बसलेल्या माझ्या साहेबांनी माइक बंद केला आणि इथलं नेहमीचं कानडी पालुपद लावलं. "स्वल्प अ‍ॅडजस्ट करा, मॅडम."

बेळगावहून इथे आल्यापासून मी ट्रॅफिकशी अ‍ॅडजस्ट केलंय, पाण्याच्या टँकरशी केलंय. याच्याशी करणार नव्हते. मी माइक चालू करून स्क्रीन शेअर केली, त्यांच्या प्रोग्रामची चाचणीसाठीची प्रत उघडली आणि पुन्हा पुन्हा पैसे मागणारा माझा छोटासा प्रोग्राम तिच्यावर सोडला. बघता बघता शिल्लक शून्यावर आली.

"पण प्रत्यक्षात असं कोण करणार?" मालकाने विचारलं.

"मी तुम्हाला दाखवून केलं," मी म्हटलं. "जो खरंच करेल, तो कॉलवर बोलावणार नाही."