किल्लीकाकांची निळी वायर

आमच्या इमारतीत एक गोष्ट ठरूनच गेली होती: तिसऱ्या मजल्यावरचे किल्लीकाका सगळ्यांचं इंटरनेट चोरतात. तळमजल्यावरचा टेलर हे सांगताना तोंडातल्या टाचण्यासुद्धा काढायचा नाही, त्यामुळे ते जास्तच गुप्त वाटायचं. "हेअरपिननं तिजोरी उघडणारा माणूस तो," टेलर दातांच्या फटीतून म्हणायचा, "त्याला पासवर्ड म्हणजे साखरेचा डबा." दुसऱ्या मजल्यावरच्या शिकवणीवाल्या बाई मान डोलवायच्या आणि पुढची ओळ म्हणायच्या, "आणि ती निळी वायर काय शोभेला लावलीय?"

तर आधी दुरुस्ती. किल्लीकाकांनी हेअरपिननं कधीच काही उघडलेलं नाही. मी विचारलं होतं. "हेअरपिन वाकते," ते म्हणाले, आणि विषय संपला. इंटरनेटचं मात्र इतक्या सहज संपलं नाही.

किल्लीकाका आमचे शेजारी. बस थांब्यासमोर एका जिन्याखाली त्यांचं दुकान आहे. दुकान म्हणजे काय, एक किल्ल्या घासायचं मशीन, एक स्टूल आणि खिळ्यांना लटकलेल्या शेकडो किल्ल्या. आवाज एवढा बारीक की गिऱ्हाईक पुढे वाकतं, आणि गिऱ्हाईक वाकलं की काका मागे सरकतात. जगातल्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचं उत्तर एकच, "बघितल्याशिवाय नाही." घराला कुलूप लावलं की तीनदा ओढतात. चार पायऱ्या उतरतात, परत येतात, चौथ्यांदा ओढतात. ही नक्कल मी इतकी हुबेहूब करते की आई हसून हसून पोट धरते आणि मग म्हणते, "मोठ्यांची टवाळी करू नये." काकांना हे ठाऊक आहे. ते मला साळुंकी म्हणतात.

त्यांच्या दोन खोल्या पॅसेजच्या दोन बाजूंना आहेत, समोरासमोर. निळी वायर एका दारावरून निघून छताला चिकटून दुसऱ्या दारावर जायची. आमचं घर पॅसेजच्या टोकाला. आणि आमचं नेट रोज दुपारी चार वाजले की गोगलगायीसारखं सरपटायचं. बाबांच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये साहेबांचं तोंड उघडं राहून गोठायचं. बाबा चप्पल घालून बाहेर जायचे आणि वायरीकडे बघायचे. आमच्या घरात मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे कंपनीला तक्रार करायलाही त्यांना जिन्यातच जावं लागतं, आणि बाबांचा फोनवरचा आवाज म्हणजे पलीकडचा माणूस नदीच्या दुसऱ्या काठावर उभा असल्यासारखा.

"पॅसेज सगळ्यांचा आहे," एका सोमवारी त्यांनी जाहीर केलं. "शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही, तर वायर मी कापणार. साळुंकी की काय म्हणतो ना तुला, जा, बघून ये."

म्हणजे हेरगिरी. मी वाटीभर साखर मागायचं निमित्त करून गेले.

पहिल्या खोलीत एक म्हातारा डेस्कटॉप होता. बाजूचं झाकण काढलेलं, आतला पंखा खोकत होता. काका समोर बसलेले, स्क्रीनवर काहीच नाही, आणि हात माउसवर. दर थोड्या वेळानं माउस एक बोट डावीकडे, एक बोट उजवीकडे. बस. मला वाटलं, झालं, हाच तो क्षण, चोर सापडला.

"काका, काय करताय?"

"हलवतोय."

"का?"

"नाही हलवला तर हा दहा मिनिटांत झोपतो. हा झोपला की तिकडे काकू अडकते."

मग त्यांनी सगळं दाखवलं, अगदी कुलूप खोलून दाखवावं तसं. कंपनीची वायर भिंतीतून थेट डेस्कटॉपमध्ये. राऊटर वगैरे नाही. डेस्कटॉपच्या पाठीला जुन्या बाजारातून आणलेलं दुसरं नेटवर्क कार्ड, आणि त्यातून निघालेली ती निळी वायर पॅसेज ओलांडून काकूंच्या लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपही वापरलेलाच घेतलेला, त्याचं वायफाय मेलेलं. म्हणजे एकच कनेक्शन, डेस्कटॉप स्वतः पितो आणि उरलेलं काकूंना पाजतो.

"एक राऊटर घेतला असता तर?"

"तो हवेत सोडतो. हवेला कडी कुठे लावू?" काकांनी वायरीवर बोट टेकवलं. "ही बघता येते. इथून निघते, तिथे पोचते. मधे कोणी नाही."

"बरं, पण झोपायचं सेटिंगमधून बंद करता येतं. मी करून देते."

"सेटिंग दिसत नाही," काका म्हणाले. "माउस दिसतो."

समोरच्या खोलीत काकू कानाला हेडफोन लावून टाइप करत होत्या. काकू बोलण्याआधी हातातलं वाक्य पुरं करतात, त्यामुळे प्रश्न विचारला की आपण पूर्णविरामाची वाट बघत उभे. त्या ज्या छापखान्यात होत्या तो बंद पडला. आता रेकॉर्ड केलेली भाषणं ऐकून टाइप करायचं कायमचं काम मिळणार होतं, पण त्याआधी दोन तासांची परीक्षा, नेटवरच, मधे लाइन तुटली की बाद. पहिल्या खेपेला काका चहा टाकायला उठले, डेस्कटॉप झोपला, काकू बाद. दुसरी आणि शेवटची खेप येत्या शनिवारी चार वाजता.

"तुझ्या बाबांना सांग," काकूंनी वाक्य संपवून म्हटलं, "शनिवारनंतर वायरीचं काय लोणचं घालायचं ते घाला."

मी घरी येऊन सगळं सांगितलं, काकांच्या आवाजात काकांचं, काकूंच्या आवाजात काकूंचं. बाबांनी शांतपणे ऐकलं. "आणि त्या डेस्कटॉपमागे काय लुकलुकत होतं?"

"कार्डाचे दिवे."

"तुला काय माहीत ते कार्डच होतं? साखर दिली का त्यांनी?"

"दिली."

"बघ. तोंड गोड केलं तुझं."

खरं सांगायचं तर मलाही खात्री नव्हती. निळी वायर तिकडे जाते हे मी बघितलं, पण तो डेस्कटॉप हळूच आमच्या वायफायमधूनही ओढत नसेल कशावरून? एवढा संशयी माणूस स्वतः स्वच्छ असतो, असं कोणी लिहून दिलंय का?

शुक्रवारी पावणेचारला बाबा पकड घेऊन पॅसेजमध्ये आले. काका आधीच डेस्कटॉपच्या खोलीबाहेर उभे, कुलूप ओढून झालेलं.

"चोर शोधायचा नसतो," काका इतक्या हळू म्हणाले की बाबांना वाकावं लागलं. "कुलूप बदलायचं. मग जुनी किल्ली कोण फिरवतं ते बघत उभं राहायचं. तुमचा पासवर्ड आत्ता बदला. काकू समोरच्या खोलीत नेटवर सराव करतेय, तिला मी काही बोललेलो नाही. मी तुमच्यातून ओढत असेन तर तिचं बंद पडेल आणि ती बाहेर येईल."

"आणि आली तर?" मी विचारलं.

"तर वायर मी कापतो."

"लावा पैज. काकूंचं दार उघडणारच."

काकांनी माझ्याकडे बघितलं. "वीस मिनिटांत नाही उघडलं तर उद्या दोन तास माउस तू हलवायचा."

बाबांनी घरात जाऊन पासवर्ड बदलला, तेवढ्यात काका आत एकदा माउस हलवून, कुलूप ओढून आले. बाबा घड्याळ लावून उभे राहिले. "तुम्ही इथून हलायचं नाही," ते काकांना म्हणाले. "आत जाऊन काही कराल."

दोन मिनिटं. काकूंच्या खोलीतून टकटक चालूच. खाली एक दार उघडलं. शिकवणीवाल्या बाई अर्धा जिना चढून आल्या. "अहो, नेट गेलं का हो?"

"कुणाचं?" बाबा म्हणाले.

बाई थांबल्या. तेवढ्यात टेलर वर आला, टाचण्यांसकट. "माझं गाणं मधेच अडकलं." त्याच्या मागून पहिल्या मजल्यावरच्या आजी कठडा धरून. "बाळा, माझी मालिका बंद पडली. तुझं नेट बिघडलं का?"

"माझं?" बाबांचा आवाज जिना उतरून परत वर आला. "आजी, तुम्हाला माझा पासवर्ड दिला कुणी?"

"तूच. जिन्यात उभा राहून कंपनीच्या माणसाला सांगत होतास ना. 'मोठा, मोठा एम, अहो कॅपिटल म्हणजे मोठा.' दोनदा सांगितलास. दुसऱ्यांदा मी लिहून घेतला."

टेलरनं टाचण्या काढल्या. बाईंनी भिंतीकडे बघितलं. मला ते वाक्य बाबांच्या आवाजात म्हणायची इतकी हुक्की आली की मी ओठ दाताखाली धरले.

कुणालाही वाटावं की इथे संपलं. पण बाबांचा स्वभाव म्हणजे चुकले की जास्त ताठ. "हे ठीक आहे," त्यांनी पकड या हातातून त्या हातात घेतली. "पण वीस मिनिटं ठरली होती. नऊ झाली. काकूंचं दार बघू. बाकीच्यांबरोबर ते पण असतील."

काकांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त डोळे एकदा बंद खोलीकडे गेले. मला आठवलं: दहा मिनिटं. आत माउस हलवायला कोणी नव्हतं. डेस्कटॉप झोपणार, काकू अडकणार, दार उघडून बाहेर येणार, आणि बाबा म्हणणार, बघा. खरं सांगूनही बाबा ऐकणार नव्हते.

"साळुंकी," काका म्हणाले, "आतून माझा चष्मा आण जरा." आणि खिशातून किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. हा माणूस काकूंनासुद्धा किल्ली देताना दोनदा विचार करतो. आणि चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

मी कुलूप काढून आत गेले. पंखा खोकत होता, स्क्रीन नुकताच मंद व्हायला लागला होता. मी काही केलं नसतं तर पैज माझी होती. बाबा जिंकले असते आणि महिनाभर मला ऐकवत बसले असते की पोरगी शेवटी आपल्याच बाजूनं, रक्ताचं नातं ते रक्ताचं.

मी माउस एक बोट डावीकडे सरकवला. मग एक बोट उजवीकडे. स्क्रीन उजळला. पलीकडून टकटक चालू राहिली.

बाहेर येऊन मी म्हटलं, "चष्मा सापडला नाही."

"असू दे," काका म्हणाले.

विसाव्या मिनिटाला बाबांनी पकड खिशात घातली आणि जाताना आजींना विचारलं, मालिका कुठली होती. काकांनी माझ्याकडून किल्ली घेतली, कुलूप लावलं, तीनदा ओढलं. "उद्या पावणेचारला," ते म्हणाले. "हरलीस."

शनिवारी मी आधी गुपचूप ते सेटिंग बदललं. आता डेस्कटॉप सहा महिने झोपला नसता. काका शेजारी स्टूल टाकून बसले. दोन तास काकू तिकडे टाइप करत होत्या, आणि मी इकडे काहीही गरज नसताना माउस हलवत होते. थांबले की काका हळूच म्हणायचे, "हं." सहाला समोरचं दार उघडलं, काकू हेडफोन गळ्यात घालून उभ्या. निकाल जागेवरच कळतो. त्यांनी मान हलवली, होकाराची.

काकांनी माझ्या हाताकडे बघितलं. हात अजून माउसवरच होता.