बिनछपराचा देव

सरळ सांगते, देवावर माझा विश्वास नाही. तरीही गेल्या दिवाळीपासून मी मनातल्या मनात सगळ्यांत जास्त आभार मानले असतील, तर ते भीमाशंकरच्या अभयारण्यातल्या एका शेंदऱ्या दगडाचे. त्याच्याबरोबर खाकी कपड्यातल्या एका बाईचे, आणि माझ्या चुलत्यांचे. चुलत्यांचे आभार मानायची वेळ येईल असं मला कुणी आधी सांगितलं असतं, तर मी त्याच्याशी भांडले असते.

पुनावळ्यात आमच्या भावकीची म्हसोबाची राई आहे. राई म्हणजे आता उरलीत दहा-बारा झाडं. दोन वड, एक पोकळ उंबर, चिंच, बाकी करंज. चारही बाजूंनी टॉवर. दुपारी हिंजवडीच्या कंपन्यांच्या कॅब तिथे सावलीला लागतात, ड्रायव्हर सीट मागे करून झोपतात. अमावास्येला आमच्या घरच्या बाया नैवेद्य ठेवतात. एवढाच काय तो त्या जागेचा उपयोग. मला विचाराल तर आमच्या भागात एवढा उपयोग असलेली दुसरी जागा नाही.

मागच्या गणपतीत तिथे फ्लेक्स लागला: म्हसोबा मंदिर जीर्णोद्धार, भव्य सभामंडप. ग्रॅनाइटची फरशी, घुमट, खांबांवर हत्ती. वर समितीतल्या सगळ्यांचे फोटो, देवापेक्षा मोठे. त्या चित्रात एकही झाड नव्हतं. चित्र काढणाऱ्याने झाडं पुसली असती तर निदान राग तरी धरता आला असता. त्याला ती दिसलीच नव्हती. दिवाळी झाली की जेसीबी येणार, असं ठरलं.

आता जीर्णोद्धार जीर्ण वस्तूचा करतात. आमच्या म्हसोबाला मुळात देऊळच नव्हतं. उद्धार कशाचा करताय? हे मी पत्रकात लिहिलं. 'देवाच्या नावाने झाडांची कत्तल!' असं वर ठळक अक्षरात, खाली मुद्दे. कॉलेजात असल्यापासून मी पत्रकं लिहिते. कचरा, नदी, कंत्राटी कामगार, काही सोडलेलं नाही. हे पत्रक मी गावठाणात घरोघर वाटलं, आणि समितीचे अध्यक्ष म्हणजे माझे थोरले चुलते, तात्या, यांच्या हातात स्वतः दिलं. तात्यांनी चष्मा लावला, ओट्यावर बसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं, घडी घातली, आणि म्हणाले, "शुद्धलेखन चांगलं हाय पोरीचं."

झालं. एवढाच परिणाम.

भावकीत तात्यांचा शब्द कुणी मोडत नाही. म्हणजे राई वाचवायची तर तात्याच फिरायला हवे होते, आणि तात्या कागदाने फिरणारे नव्हते. तेव्हा कळलं, की भीमाशंकरच्या अभयारण्यात वनखात्याच्या एक गार्ड मॅडम रविवारी लोकांना देवराईत नेतात. तिथल्या गावातल्या बाया गाणी म्हणतात, भगत देवाची हकिकत सांगतो, मग भाकरी-पिठलं. मी ठरवलं, तात्यांना तिथे न्यायचं. झाडांतला देव एकदा दाखवायचा. घरी सांगताना मात्र 'भीमाशंकरचं दर्शन' एवढंच सांगितलं. तात्या तयार झाले, समितीतले दोघे जण गाडीत बसले, आणि तात्यांची धाकटी बहीण, माझी आत्या, फुलांची पिशवी घेऊन सगळ्यांच्या आधी पुढच्या सीटवर.

चाकणच्या चौकात कंटेनरांच्या मागे अडकलो तेव्हा तात्या म्हणाले, "हितं समदी ज्वारी व्हती." आत्या म्हणाली, "आपल्याकडं काय बर्फ व्हता व्हय?" राजगुरुनगरला मिसळ खाल्ली. दर्शन लवकर उरकलं. आणि मग मी गाडी फाट्यावरून आत वळवायला लावली.

गार्ड मॅडम माझ्याच वयाच्या असतील. खाकी शर्ट, कपाळाला टिकली, पायात बूट, तेही देवराईच्या हद्दीवरच्या दगडापाशी त्यांनी सगळ्यांच्या आधी काढले. म्हणाल्या, "चपला इथं. मोबाइल बंद करून या पिशवीत. आतलं काही आणायचं नाही, पडलेलं पानसुद्धा. बोलायला बंदी नाही, पण ओरडायला आहे." तात्यांनी दोन्ही मोबाइल दिले. समितीवाल्या एकाने विचारलं, "अर्जंट आला तर?" मॅडम म्हणाल्या, "इथं रेंजच नाही हो दादा. पिशवी आपली शिस्त म्हणून."

आत गेलो आणि उजेड हिरवा झाला. गारंबीचा वेल एका झाडावरून दुसऱ्यावर, हाताच्या लांबीच्या शेंगा लोंबत होत्या. मॅडमनी उंचावर शेकरूचं घरटं दाखवलं, काटक्यांचा मोठा गोळाच. त्या फार बोलत नव्हत्या. मी असते तर प्रत्येक झाडाखाली भाषण ठोकलं असतं. एका मोकळ्या जागी गावातल्या पाच-सहा बाया बसल्या होत्या. त्यांनी फेर धरला आणि गाणं सुरू केलं. गाण्यात प्रत्येक झाडाची विचारपूस होती. हिरडा कसा आहे, जांभळीला यंदा काय झालं, सासरी गेलेल्या बहिणींची चौकशी करावी तशी. चाल आमच्याकडच्या गौरीच्या गाण्याची. आत्याने पदर खोचला आणि शिरली फेरात. शब्द येत नव्हते, पण पाय बरोबर पडत होते.

मी तात्यांकडे पाहत होते. चेहरा सैल पडला होता. मला वाटलं, जमतंय.

मग भगताने देव दाखवला. म्हातारा, बारीक, डोक्याला उपरणं. जुन्या अंजनाच्या बुंध्याशी एक शेंदऱ्या दगड, आजूबाजूला पालापाचोळा, डोक्यावर पाखरांनी केलेली घाण. बाकी काही नाही. तात्या हात जोडून उभे राहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंखुरं पाणी.

तात्या म्हणाले, "अरारारा. देव उघड्यावर!"

मला काही कळेना.

"पावसात भिजतोय, वर पाखरं हागत्यात. ह्या मानसांची ऐपत न्हाई म्हनून देवानं असं ऱ्हायचं?" ते गार्ड मॅडमकडे वळले. "मॅडम, काळजी करू नका. ह्याला आमी स्लॅब घालून देतो. फरशी, कठडा, समदं. आमच्या गावाकडनं."

समितीवाला दुसरा लगेच पावलं टाकून जागा मोजायला लागला. अंजनाच्या बुंध्याला हात लावून म्हणाला, "हे एक काढावं लागंल."

मी एक वाचवायला गेले होते, आणि आता दोन राया पडत होत्या.

"काका," मॅडम शांतपणे म्हणाल्या, "अभयारण्य आहे. इथं एक वीट ठेवायला परवानगी मिळत नाही."

"परवानगी आपन काढू की. वरपर्यंत वळख हाय."

माझ्या तोंडात सगळं पत्रक गोळा झालं होतं. कायदा, कत्तल, सिमेंट, मतांचं राजकारण. पहिला शब्द बाहेर पडणार तेवढ्यात मॅडमनी माझा दंड धरला. "ताई, थांबा जरा." मी थांबले. आजही वाटतं, त्या हाताने माझ्यावर केवढे उपकार केले. मी बोलले असते तर तात्यांनी तो स्लॅब हट्टाने घातला असता, इथे नाही तर पुनावळ्यात तरी नक्की.

भगत म्हणाला, "आमच्या आज्यानं पत्रा घातला व्हता की. उडाला."

"वाऱ्यानं उडाला आसंल," तात्या म्हणाले.

"वाऱ्यानंच. पर उडाला न्हवं?"

आत्या खुदकन हसली. तात्या म्हणाले, "स्लॅब उडत नसतोय, बाबा."

"नसंल उडत. पर ज्याच्या डोक्यावर घालायचा त्याला इच्यारून घ्या."

इच्यारायचं म्हणजे कौल लावायचा. दगडावर पाणी शिंपडायचं, दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजवीकडे, एक डावीकडे. मनातलं सांगायचं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवराईतलं फूल तोडायचं नाही, म्हणून आत्याच्या पिशवीतला झेंडू निघाला. तात्यांनी गुडघे टेकले, पाकळ्या लावल्या, ओठ हलवले, आणि मागे सरकून पाचोळ्यात मांडी घालून बसले.

आम्ही सगळे बसलो. कुठलीच पाकळी पडेना.

मला सांगायला लाज वाटत नाही, मी संतापले होते. शिकलेली मुलगी, अंधश्रद्धेवर पत्रकं लिहिलेली, आणि मी झेंडूच्या दोन पाकळ्यांकडे श्वास रोखून बघत होते. डावी पड, डावी पड. मॅडमही अस्वस्थ होत्या. आम्हाला उजेड असेपर्यंत खाली न्यायची जबाबदारी त्यांची, आणि भाकऱ्या गार होत होत्या. तरी त्यांनी घाई केली नाही.

तात्या मात्र बसले होते. हातात फोन नाही, समोर कुणी सही मागायला नाही. त्यांना असं नुसतं बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. वरून कसल्याशा फळांची सालं पडायला लागली. शेकरू खात होतं. एक साल तात्यांच्या टोपीवर पडली. त्यांनी ती झटकली नाही.

बऱ्याच वेळाने म्हणाले, "आपल्या राईत घुबडं व्हती. रातीला आई भ्या दाखवायची त्यांचं. कुठं गेली असतील?"

आत्या म्हणाली, "तुझ्या बंगल्याच्या पायात."

तात्या वर फांद्यांत बघत राहिले. एरवी धाकट्या बहिणीचं असलं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं नसतं.

शेवटी मॅडम म्हणाल्या, "बाबा, यांना लांब जायचंय." भगत उठला, दगडाकडे बघितलं. "न्हाई पडलं. मंग हाय तसं ऱ्हाऊ द्यायचं."

"परत लावू की," समितीवाला म्हणाला.

"एका दिसाला एकदाच."

तात्यांनी पुन्हा हात जोडले आणि निघाले. पिठलं-भाकरी झाली, फोनची पिशवी परत आली. मी मॅडमना बाजूला घेऊन विचारलं, "उत्तर आलं नाही तर आहे तसं ठेवायचं, हा नियम जुना आहे का हो?"

त्या हसल्या. "मलापण आजच कळला."

येताना राजगुरुनगर मागे पडलं. मग तात्या म्हणाले, "आपन म्हसोबाला इच्यारलं व्हतं का?"

मागून समितीवाला म्हणाला, "त्याला काय इच्यारायचं, तात्या? त्याच्यासाठीच तर बांधतोय."

"म्हनूनच म्हनतो."

दिवाळी झाली. जेसीबी यायच्या आदल्या दिवशी सकाळी तात्यांनी सगळी समिती राईत बोलावली. म्हणाले, कौल लावायचा, मगच झाडाला हात. पोरं कुरकुरली. एक जण म्हणाला, "तात्या, राव, फ्लेक्स लागलाय आपला." तात्या म्हणाले, "फ्लेक्स तुझा. झाडं त्याची. खाली बस."

बसले सगळे, वडाच्या मुळांवर, कपडे सांभाळत. पलीकडे कॅबचे हॉर्न वाजत होते. मी उंबराला टेकून उभी होते, देवाच्या बाजूलाच. पाण्याचा तांब्या भरलेला होता. तात्यांनी तो उचलला नाही. आदल्या अमावास्येचा तेल-शेंदूर म्हसोबाच्या अंगावर अजून ओला आणि जाड होता. तात्यांनी त्यातच दोन्ही पाकळ्या ठेवल्या आणि अंगठ्याने दाबल्या. चांगल्या, दम लावून दाबल्या. पाण्याची पाकळी वाळली की सुटते. ही पुढच्या कोजागिरीपर्यंत सुटली नसती.

मी बघत होते. तात्यांनी मान वळवून मला बघताना बघितलं.

बसून बसून सगळे कंटाळले. कुणाची मीटिंग होती, कुणाला शिफ्टला जायचं होतं. ऊन वर आलं तेव्हा तात्या उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "न्हाई पडलं. हाय तसं ऱ्हाऊ द्यायचं. मंडप गावातल्या तालमीच्या मोकळ्या जागंत बांधू."

लोक पांगले. मी तांब्या उचलायला पुढे झाले, तेव्हा तात्या माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "बघतीस काय? तुझ्या पत्रकात छापू नकोस."

पत्रकात छापलं नाही. या पुस्तकाचं ते काही बोलले नव्हते.

मंडप तालमीच्या जागेत उभा राहिला, हत्तींसकट. राईत कॅब अजून सावलीला लागतात. मॅडमना मी फोन करून सगळं सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की पलीकडून कुणीतरी 'काय झालं' म्हणून विचारलं. आभार मानायला फोन केला होता, ते राहूनच गेलं. आता अमावास्येला आत्या नैवेद्याचं ताट माझ्या हातात देते आणि म्हणते, "जा, तुझ्या देवाला ठेवून ये." माझा देव नाही, हे तिला दर वेळी सांगते. आणि ताट नेऊन ठेवते.