सकाळची बस मी जाऊ दिली

धान कापून झालं की मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटकडचे रस्ते फिरायला बरे असतात. हवा कोरडी, ऊन सोसण्यासारखं. यंदा पुण्याहून प्रशांत आणि रायपूरहून वर्षा, माझी दोन्ही मुलं, एकाच वेळी घरी आली. मी म्हटलं, परसवाड्याकडे जाऊन येऊ. त्याच्या पुढच्या एका गावात मी नऊ वर्षं शिक्षिका होते. मुलांचा धाकटा भाऊ सोनू त्याच दिवसांत गेला, चार वर्षांचा असताना.

"काहून जाचं आहे तिथं?" प्रशांतनं विचारलं.

"मले एकदा जाचं आहे. तुमच्यासंगं."

सकाळी सातला वर्षाच्या गाडीनं निघालो. वाटेत लामत्याला थांबून पोहे खाल्ले. तुम्हीही तिथंच खाऊन घ्या, पुढे खाण्याचा भरवसा नाही. मोबाईलची रेंजही जंगलात जाते.

"बाबा असते तं इथं दोनदा चहा पिले असते," वर्षा हसून म्हणाली. प्रशांतनं कप खाली ठेवला आणि उठून गाडीत जाऊन बसला.

आमच्या घरात एक गोष्ट पक्की होती. सोनूला ताप चढला तेव्हा मुलांचे बाबा मोटरसायकल घेऊन बालाघाटला गेले होते, म्हणून त्याला वेळेवर दवाखान्यात नेता आलं नाही. ही दोघं तेव्हा शिक्षणासाठी बालाघाटला आजीकडे राहत. त्यांना जे कळलं ते आमच्याकडूनच. प्रशांतनं बाबांना कधी माफ केलं नाही. दोन वर्षांपूर्वी ते गेले, तर हा तिसऱ्या दिवशी पोचला.

परसवाड्यानंतर रस्ता अरुंद होतो. समोरून ट्रॅक्टर आला की गाडी शेतात उतरवावी लागते. गावात शाळेला नवी इमारत झाली आहे. बस मात्र अजून फाटकासमोरच थांबते.

प्रशांत तिथं उभा राहून म्हणाला, "एक दिवस गाडी घरी ठेवली असती बाबानं, तं काय बिघडलं असतं?"

मला आणखी गप्प बसवेना.

"गाडीची गोष्ट नाही रे. सकाळची बस इथंच उभी होती. कंडक्टरनं विचारलं, बहनजी, चलना है क्या? सोनू माह्या कडेवर होता, तापानं फणफणलेला. शाळेची सरकारी तपासणी होती त्या दिवशी. मी म्हटलं, दोपहर वाली से जाऊंगी."

वर्षा गाडीचं दार लावून जवळ आली.

"दुपारी निघालो. लामता यायच्या आधीच गेला तो. माह्या मांडीवर."

"बाबाले मालूम होतं?" वर्षानं विचारलं.

"हौ. मीच सांगितलं. ते म्हणे, लेकरं माह्यावर रागावली तं चालते, तुह्यावर नको."

"अट्ठावीस साल!" प्रशांत ओरडला. फाटकातली पोरं वळून पाहू लागली. मग त्याचा आवाज बसला. "मी त्यायले शेवटी पानी भी नाही पाजलं, आई."

तो रस्त्यानं चालत सुटला. वर्षानं मला पाण्याची बाटली दिली. जवळ बसली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

पुढे वाटेत आम्ही त्याला गाडीत घेतलं. परतताना परसवाड्याच्या बाजारात थांबायचं ठरलं होतं. कोणी विषय काढला नाही. लामता जवळ आलं तसा प्रशांत म्हणाला, "कुठं?"

मी महुआची झाडं दाखवली. वर्षानं गाडी बाजूला घेतली. आम्ही तिघं उतरून उभे राहिलो. धानाचे ट्रक जात होते, धूळ उडत होती. प्रशांत खाली बसला आणि रस्त्याच्या कडेच्या मातीवर त्यानं हात टेकला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्यानं झटकला नाही, आणि वर बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुण्याला गेला. त्याला महिना झाला. मला फोन करत नाही. वर्षाला विचारतो, आईनं गोळी घेतली का, जेवली का. ती मला सांगते.

मी उशीर केला, तोही दोनदा. एवढं मात्र झालं, वर्षाशी बोलताना बाबांचं नाव निघालं तर आता प्रशांत फोन ठेवून देत नाही. वर्षा सांगते, परवा त्यानं तिला विचारलं, शेवटी बाबा माझ्याबद्दल काही बोलले का?

बोलले होते. ते मला त्याला सांगायचं आहे. तो फोन करील तेव्हा.